आधी ताट, मग चेंडू

क्लब आधी नावारूपाला येतो आणि मग दानधर्माकडे वळतो, हा नेहमीचा क्रम. ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबाचं मात्र उलटं आहे. दुष्काळाने देशोधडीला लागलेली आयरिश कुटुंबं या स्कॉटिश शहराच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहत. पोरं उपाशीपोटी शाळेत येत. ब्रदर वॉल्फ्रिड या धर्मसेवक शिक्षकाने त्यांच्या जेवणाची सोय केली होती. पण रोज पंगत उठवायची तर पैसा लागतोच. तो तिकीटविक्रीतून यावा म्हणून नोव्हेंबर १८८७ मध्ये क्लब स्थापन झाला. मे १८८८ मधला पहिला सामना रेंजर्सविरुद्ध, आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकलाही!

पुढे १८९७ मध्ये क्लबाची कंपनी झाली, भागधारक आले, ताटाचा विषय मागे पडला. यशाची ही किंमत मला तरी फार वाटते. १९९५ मध्ये क्लबाने पुन्हा धर्मादाय निधी उभारला. आता समर्थकही मैदानाबाहेर गरजूंसाठी शिधा गोळा करतात.

आपल्या क्रीडा मंडळाची वार्षिक सभा भरेल, तेव्हा जमाखर्चात असा एखादा रकाना आहे का, जरूर विचारा.