उभ्या गाडीच्या पोटातला गाळ

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत आपल्या पार्किंगमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. शेवटी रहिवाशांनी विचारलेले काही प्रश्न घेतले आहेत.)



या मालेत आधी मधुमेहावर भाषण झालं, इच्छापत्रावर झालं. मी माझा विषय सांगितला तेव्हा सचिव म्हणाले, "इंजिनातला गाळ? जरा सगळ्यांना उपयोगी पडेल असं घ्या की." मी त्यांना इथेच पार्किंगमध्ये आणलं आणि गाड्या मोजायला लावल्या. दहा वर्षांहून जुन्या १९ गाड्या निघाल्या. झेन आहे, सँट्रो आहेत, वॅगन आर तर चार आहेत. त्यातल्या ११ गाड्यांवर कव्हर आणि कव्हरवर धूळ. मग सचिव म्हणाले, "घ्या."

मी बत्तीस वर्षं एका वर्कशॉपच्या इंजिन विभागात होतो. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली, ती आधी सांगून टाकतो. चार लाख किलोमीटर पळालेली टॅक्सी यायची, टॅपेट कव्हर उघडलं की आत सगळं स्वच्छ, सोनेरी. आणि एखाद्या गृहस्थाची तळहातावरच्या फोडासारखी जपलेली, अठ्ठावीस हजार चाललेली गाडी यायची, ती उघडली की आत डांबर. मालक म्हणायचे, "अहो, गाडी चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" चालली नाही म्हणूनच तर.

कारण समजून घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडताना दिसतात ना, तेच हे. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. सोबत काजळी आणि थोडं न जळलेलं पेट्रोलही. इंजिन नीट तापलं तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि ब्रेदरच्या नळीतून पुन्हा जळायला जातं. तापलं नाही तर तिथेच राहतं.

आता आपली गाडी कुठे जाते? कोथरूडमधून मंडईत, नातवाच्या शाळेत, फार तर डेक्कनला. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो आणि आपल्याला वाटतं, तापली गाडी. पण तो काटा कूलंटचा. खाली चेंबरमधलं ऑइल तापायला पंधरा-वीस मिनिटं तरी चालवावी लागते, तोवर आपण भाजी घेऊन परत आलेले असतो. ऑइलमध्ये घाण धरून ठेवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती संपली की पाणी, काजळी आणि जुनं ऑइल मिळून चिकटा तयार होतो. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरच्या डब्यांना बसतो तसाच, फक्त इथे तो पुसायला कोणी जात नाही.

फार तापूनही गाळ होतो बरं का. वर्षानुवर्षं ऑइल न बदलणं, घाटात गरम झालेलं इंजिन तसंच दामटणं, ब्रेदर तुंबलेला असणं, ही त्याची कारणं. आणि हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. २००२ साली टोयोटाला अमेरिकेत १९९७ ते २००२ मधल्या काही मॉडेल्सच्या मालकांसाठी याच गाळावरून खास दुरुस्ती योजना जाहीर करावी लागली होती, सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी. कंपनी म्हणत होती मालक वेळेवर ऑइल बदलत नाहीत, मालक म्हणत होते इंजिनाची रचनाच सदोष आहे. तो वाद कोर्टापर्यंत गेला. आपण त्यात पडू नये.

आता तपासायचं कसं. हे घरी होतं, पैसे लागत नाहीत.

सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, बॉनेट उघडा आणि ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करून बघा. थंडीच्या दिवसांत त्यावर थोडा पिवळसर फेस दिसला तर घाबरू नका, ते साचलेलं पाणी आहे. गाडी लांब चालवा, जाईल. काळपट, घट्ट, चिंचेच्या कोळासारखं काही असेल तर तो गाळ. मग त्या भोकातून टॉर्च मारा. आतला धातू दिसला पाहिजे. पिवळसर तपकिरी झाक चालते, वयोमानाने येते. काळे थर, खपल्या दिसल्या तर मामला पुढे गेलाय. काही गाड्यांत भोकाखाली पत्रा असतो, काहीच दिसत नाही; तिथे मेकॅनिककडून छोटा कॅमेरा घालून घ्यावा नाहीतर टॅपेट कव्हर उघडावं.

मग डिपस्टिक. ऑइल काळं आहे म्हणजे खराब आहे, असं नाही. डिझेल गाडीत तर नवं ऑइल हजार किलोमीटरच्या आत काळं होतं, ते घाण धरतंय याचीच ती खूण. ऑइल बोटांत चोळून बघा, वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा न भरता पातळी वर चढली, तर पेट्रोल उतरतंय. आणि डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं काही दिसलं आणि कूलंटही कमी होत असेल, तर गाडी चालवूच नका. ते हेड गॅस्केट असू शकतं. तो वेगळा आजार, त्याचं औषध वेगळं.

राहिला तो लाल दिवा, अल्लादीनच्या दिव्यासारखं चिन्ह. तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब सांगतो. चावी फिरवली की लागतो, इंजिन चालू झाल्यावर एक-दोन सेकंदांत विझला पाहिजे. चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणारी जाळी असते. गाळ तिच्यावर बसला की पंपाला ऑइल मिळत नाही, आणि सगळ्यात वर असलेला कॅमशाफ्ट आधी कोरडा पडतो. सकाळी टकटक ऐकू येते ती तिथली. गाडी तापल्यावर सिग्नलला उभी असताना दिवा लुकलुकला तर बाजूला घेऊन बंद करा. "घरापर्यंत जाऊ" म्हणू नका. बेअरिंग जायला घरापर्यंतचं अंतर लागत नाही. कधी कधी नुसता सेन्सर खराब असतो, हे खरं. पण ते मेकॅनिकने सेन्सरच्या जागी दाबाचं गेज लावून ठरवायचं, आपण मनात नाही.

आता बी विंगमधल्या वहिनींच्या गाडीबद्दल बोलतो. त्यांनी परवानगी दिलीय, समोरच बसल्यात.

त्यांची छोटी पेट्रोल गाडी, १७ वर्षांची, २९ हजार किलोमीटर चाललेली. आमचे मित्र, म्हणजे वहिनींचे यजमान, दर वेळी पेट्रोल भरलं की डायरीत नोंद करायचे. ती डायरी अजून गाडीच्या खणात आहे. ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून गाडी उभी, आणि आपला वॉचमन दर रविवारी ती दहा मिनिटं चालू करून ठेवायचा. मनापासून करायचा, आपल्यापैकी निम्म्यांनी त्याला तेच सांगितलंय. पण हिशेब करा: चार वर्षांत दोनशे वेळा गार इंजिन चालू केलं आणि गरम व्हायच्या आत बंद केलं. गाळ करायचाच असं कोणी ठरवलं असतं तर याहून चांगली पद्धत सापडली नसती.

मुलगा बेंगळुरूहून म्हणत होता, भंगारात द्या. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, किंमत काय येईल ते नका सांगू. गणपतीत चिपळूणला ही गाडी जाईल का नाही, तेवढं सांगा." बावन्नाव्या वर्षी त्या याच गाडीवर चालवायला शिकल्या होत्या, यजमान शेजारी बसून.

झाकण काढलं तर चिंचेचा कोळ. लाल दिवा विझायला पाच-सहा सेकंद. एका गॅरेजने त्यांना फ्लशची बाटली ओतून इंजिन साफ करून देतो, असं सांगितलं होतं. मी नको म्हटलं. थर पातळ असेल तर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे फ्लश वापरायला हरकत नाही. पण गाळ जाड असला की त्याचे गोळे सुटतात आणि थेट जाळीवर जाऊन बसतात. काल चालणारं इंजिन आज जॅम. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन चालवायची जुनी तऱ्हा तर त्याहून वाईट, वंगणच धुऊन निघतं.

आम्ही सरळ चेंबर खाली उतरवला. जाळी दोन तृतीयांश बंद होती. जाळी आणि चेंबर बाहेर काढून रॉकेलने धुतले. सुटा भाग धुवायला रॉकेल उत्तम. वर टॅपेट कव्हर काढून गाळ चमच्याने आणि फडक्याने हातानेच काढला, ऑइल खाली उतरायच्या भोकांत खपल्या पडू न देता. कंटाळवाणं काम आहे, दुसरा मार्ग नाही. एका बेअरिंगची टोपी खोलून बघितली. शेल ठीक होतं, तिथे मला हायसं वाटलं. ते घासलेलं असतं तर इंजिन पूर्ण बांधावं लागलं असतं आणि मग मुलाचं म्हणणं मी पण मान्य केलं असतं. ब्रेदरची नळी चोंदलेली होती, पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून खुळखुळत नव्हता, दोन्ही बदलले. नवी पॅकिंग, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल, नवा फिल्टर. पाचशे किलोमीटरवर ऑइल-फिल्टर पुन्हा बदलला, मग दीड हजारावर पुन्हा. उरलेला गाळ चांगलं ऑइलच हळूहळू विरघळवतं, म्हणून हा फिल्टर लवकर भरतो आणि तो बदलण्यात कंजुषी करायची नसते. सगळा खर्च गाडीच्या भंगाराच्या भावाच्या निम्म्याहून कमी आला.

ताम्हिणीतून माणगाव, पुढे कशेडी, आणि चिपळूण. नात शेजारी, वहिनी स्वतः चालवत. दिवा लागला नाही. गाडी नवी झाली, असं मात्र मी सांगणार नाही. रिंगांत चिकटा बसलाय, ती थोडं ऑइल खाते आणि आता खाणारच. वहिनी दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघतात आणि त्याच डायरीत लिहितात.

प्रश्न: वॉचमनने गाडी चालू केली नाही तर बॅटरी उतरेल ना?

उतरेल. पण दहा मिनिटं नुसती उभी चालवून बॅटरी फारशी भरतही नाही, स्टार्ट करताना गेलं तेवढंही कधी परत येत नाही. पंधरा दिवसांनी एकदा चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास होतो, ऑइल तापतं, ब्रेक मोकळे होतात, टायरही. ते जमणार नसेल तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवा आणि इंजिनाला हातच लावू नका. उभी गाडी बंद राहिलेली बरी.

प्रश्न: वर्षाला दोन हजारच किलोमीटर होतात. दहा हजारांवर ऑइल बदला म्हणतात, मग पाच वर्षं चालेल?

नाही. पुस्तिकेत किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात, "जे आधी होईल ते". तो अर्धा भाग कोणी वाचत नाही. वर्षातून एकदा बदलाच. छोट्या गाडीला तीनेक लिटर ऑइल आणि एक फिल्टर, एवढीच बाब आहे. आणि तारीख-किलोमीटरची चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवा.

प्रश्न: जुन्या गाडीला जाड ऑइल घातलं की आवाज कमी होतो, ते घालावं का?

आवाज कमी होतो, आजार नाही. गाळाने अर्ध्या बंद झालेल्या जाळीतून गार सकाळी जाड ऑइल आणखी सावकाश चढतं. आधी जाळी बघा.

प्रश्न: काढलेल्या जुन्या ऑइलचं काय करायचं?

गटारात नाही, झाडाच्या बुंध्याशीही नाही, आणि मागच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना तर अजिबात नाही, कपडे खराब होतात. कॅनमध्ये भरून वर्कशॉपला द्या, तिथे ते पुनर्वापरासाठी गोळा करतात. येत्या रविवारी सकाळी साडेसातला मी पंपहाऊसपाशी टॉर्च घेऊन बसतो. ज्यांना झाकण उघडून बघायचंय त्यांनी गाडी चालू न करता फक्त बॉनेट उघडून ठेवा, मी एकेका गाडीपाशी येईन.