सुई दिसली की भोवळ

रक्त तपासायला गेलेला धट्टाकट्टा गडी दंडाला रबरी पट्टा आवळताच पांढराफटक पडतो आणि खुर्चीतच कलंडतो. घरचे मग वर्षभर चिडवतात. पण यात भित्रेपणा कमी, रक्तदाबाचा खेळ जास्त.

पाल, झुरळ, उंची यांची भीती वाटली की छाती धडधडते, रक्तदाब चढतो. पालीला भिऊन कुणी सहसा बेशुद्ध पडत नाही, किंचाळतं फार तर. रक्ताची, सुईची भीती मात्र उफराटी. रक्तदाब आधी जरा चढतो, मग एकदम घसरतो. मेंदूला रक्त कमी पडतं आणि भोवळ येते.

म्हणूनच ‘अंग सैल सोडा’ हा सल्ला इथे नडतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात वेगळा उपाय मांडला. हातापायांचे, पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे. चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा आवळायचे. असं पाचेक वेळा. सुई टोचायचा हात तेवढा सैल ठेवायचा. सराव आधी घरी करावा; हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

आणि ‘मला चक्कर येते, आडवा होऊन रक्त देतो’ हे सुई काढायच्या आधीच सांगून टाका. रक्त घेणाऱ्यांना ते नवीन नसतं.