वाट सगळ्यांची



गड पाहावा, लेणी पाहावीत, असे कुणाला वाटत नाही? पण गडाच्या पायथ्याशी काय दिसते? तरणी माणसे भराभर चढून जातात. आजी झाडाखाली बसून राहते. कुबडी घेतलेला भाऊ खालूनच हात जोडतो. "तुम्ही बसा हो इथंच," असे आपण सहज म्हणून जातो. त्यांच्या मनाला काय वाटत असेल?

रायगडाचे पाहू. त्याला हजारावर पायऱ्या. सन १९९६ मध्ये तिथे रोपवे, म्हणजे तारेवरून चालणारा पाळणा सुरू झाला. ज्यांना चढवत नाही, तीही माणसे वर पोचू लागली. मोठी सोय झाली. पण पाळण्यातून उतरले, की पुढे पुन्हा पायऱ्या आहेतच. चाकाच्या खुर्चीतला माणूस तिथे अडतो. साखळीची एक कडी तुटली, की सारी साखळी निकामी. वाटेचेही तसेच आहे.

मग वाट कशी असावी? खुर्ची जायला निदान तीन फूट रुंद हवी. एक फूट चढायचे, तर उतार बारा फूट लांब हवा. तीस फुटांवर टेकायला सपाट जागा हवी. कडेला धरायला कठडा हवा. बसायला ओटा आणि प्यायला पाणी हवे. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी पायथ्याशी गडाची छोटी प्रतिकृती ठेवावी. हात फिरवला, की त्यांना गड कळेल.

उभ्या कड्यावर खुर्ची जायची नाही, हे आम्हालाही कळते. पण पहिल्या दरवाजापर्यंत तरी नेता येईल ना? जुने दगड मात्र फोडू नका. रायगडासह १२ किल्ले सन २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत. अशा ठिकाणी पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय काम करू नये.

ही कुणावर मेहेरबानी नव्हे. अपंगांच्या हक्कांचा कायदा सन २०१६ मध्ये झाला आहे. सार्वजनिक जागी त्यांना जाता-येता आले पाहिजे, असे तो सांगतो.

तुमच्या गावाजवळ गड असेल, लेणे असेल, जुने देऊळ असेल. एक दिवस त्या वाटेने जा. आजीला आणि कुबडीवाल्या भावाला बरोबर घ्या. कुठे अडते, ते त्यांनाच विचारा. मग ते ग्रामसभेत मांडा.