महामारीतील सरकारी साहाय्य आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कार्यकारी मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गुणवंतांचे सत्कार व वधूवरांचा परिचय करण्याची आपली रीत आहे. आज आम्ही थोडा निराळा विषय घेतला आहे. २०२०-२१ च्या महामारीत सरकारने देऊ केलेले साहाय्य आपल्या घरांत कितपत पोहोचले, आणि जेथे पोहोचले नाही तेथे दोष कोणाचा?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सरकार घरांत शिरले ते झडती घेण्यासाठी. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्येही लागू झाला. परंतु या वेळी बंदोबस्ताच्या जोडीने धान्यही आले. एप्रिल २०२० पासून अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागले. शिवभोजनाची थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आली व दुसऱ्या लाटेत विनामूल्य झाली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक व फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले.

नोंदणीकृत, परवानाधारक, शिधापत्रिकेवर! इंदापूर-भिगवणकडील वडीलधाऱ्यांना या शब्दांचा अर्थ सांगावयास नको. उजनीचे पाणी चढून पळसदेवसारखी गावे बुडाली, तेव्हा कागदावरील नावाची किंमत त्यांना कळली होती. पुढील पिढी ती विसरली. आम्ही घरोघर फिरलो तेव्हा लग्नाला सहा वर्षे झालेल्या सुनेचे नाव शिधापत्रिकेत चढले नसल्याचे आढळले. माहेरच्या पत्रिकेतून ते कमी झाले होते, सासरच्या पत्रिकेत कोणी घातले नव्हते. पाच माणसांच्या घरात चार माणसांचे धान्य येत होते.

याहून अवघड गोष्ट मृत्यूनंतरच्या साहाय्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ च्या अखेरीस मृताच्या निकटच्या नातलगास ५०,००० रुपये सानुग्रह साहाय्य मिळू लागले. केवळ दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही म्हणून अर्ज नाकारू नये, चाचणीनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू रुग्णालयाबाहेरचा असला तरी ग्राह्य धरावा, असे ठरले. तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर समितीही होती. एवढी वाट मोकळी असताना आपली काही घरे अर्जच करीनात. याचे कारण स्पष्ट बोलले पाहिजे. घरात आजार आला हे लपविले गेले होते. शेजारी वाळीत टाकतील, मुलीची सोयरीक मोडेल, या भीतीने चाचणी केली नाही किंवा तिचा कागद चुलीत घातला. पुढे पुरावा मागितला तेव्हा हात रिकामे! आणि वर पुन्हा, 'आपल्या समाजाने कधी सरकारपुढे हात पसरला नाही,' हा अभिमान. हे वाक्य आमच्यापैकीही काहींच्या तोंडी होते, हे येथे कबूल करतो.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. आपल्याच एका तरुण भगिनीचा पती दुसऱ्या लाटेत बारामतीस उपचार चालू असता वारला. पदरी दहा वर्षांचा मुलगा. साहाय्याची रक्कम आपल्या खात्यावर यावी, असा तिच्या दिराचा आग्रह होता. औषधोपचाराचे कर्ज त्याने काढले होते, हेही खरे. उभयपक्ष आमच्याकडे आले. आम्ही काय सांगितले? 'घरातले घरातच मिटवा.' अशा सल्ल्याने कोणाचे मिटते आणि कोणाचे बुडते, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. ती बाई आमची वाट न पाहता एकटी इंदापूरच्या तहसील कचेरीत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने अशा विधवांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू करून तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या होत्या, हे तिला अंगणवाडीताईंकडून कळले, मंडळाकडून नव्हे. रक्कम तिच्या खात्यावर आली. दिराचे कर्ज तिने पुढे शिवणकाम करून हप्त्याहप्त्याने फेडले. ते फेडण्यास तिला कोणी सांगितले नव्हते.

दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी राज्याने ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली. केंद्राच्या योजनेत वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख मिळावयाचे आहेत. सानुग्रह साहाय्याच्या अर्जांची मुदत सरली. बालसंगोपन योजना मात्र चालू आहे, एक पालक गमावलेल्या मुलांनाही ती लागू होऊ शकते. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी जन्मदाखला, मृत्यूदाखला व बँकेचे पुस्तक घेऊन आज सभा संपल्यावर चिटणीसांस भेटावे. तालुक्यास जाताना आमच्यापैकी एकजण सोबत येईल.

त्या भगिनीचा मुलगा आता दहावीस आहे. परीक्षेचा अर्ज त्याने स्वतः भरला. वडिलांच्या नावामागे 'कै.' लिहावे की नाही, एवढेच विचारण्यास तो मंडळाच्या कचेरीत आला होता.