सोलर चालू आहे, पण किती?



फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटच्या सोलर संचाला ७८ हजार रुपयांचं अनुदान मिळू लागलं आणि आपल्याकडच्या गच्च्यांवर, पत्र्यांवर पॅनेल दिसू लागले. बसवतेवेळी घरातले सगळे लक्ष घालतात. नेट मीटर लागतो, पहिलं कमी झालेलं बिल शेजाऱ्यांना दाखवून होतं. त्यानंतर मात्र इन्व्हर्टरकडे कोणी फिरकत नाही. जिन्याखाली हिरवा दिवा दिसला की सोलर चालू आहे, असं आपण धरून चालतो. पण चालू म्हणजे किती चालू? रोज बारा युनिट पडायला हवेत तिथे आठच पडत असतील, तरी तो दिवा हिरवाच राहतो. म्हणून माझं ठाम मत आहे की इन्व्हर्टरची मिनिटामिनिटाची नोंद आपल्या स्वतःच्या घरात, आपल्या ताब्यात असली पाहिजे.

बिलावरून हे कळत नाही का, असं कोणी विचारेल. नाही कळत. नेट मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत असतात. १.८.० या खुणेच्या वेळी दिसतात ते आपण महावितरणकडून घेतलेले युनिट, आणि २.८.० च्या वेळी आपण बाहेर दिलेले. दुपारी आपला फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर जी वीज जागच्या जागी वापरतात, ती या मीटरपर्यंत पोचतच नाही. पॅनेलनं एकूण किती वीज तयार केली, ते त्यामुळे या मीटरला ठाऊकच नसतं. काही घरांत उत्पादनाचा मीटर वेगळा असतो, पण तोही नुसती बेरीज सांगतो. बेरजेत दोष लपतो. ढगाळ आठवडा गेला की काय, घरात पाहुणे होते की काय, असे तर्क करत दोन-तीन महिने सहज निघून जातात.

कंपनीचं मोबाइल अ‍ॅप असतंच की, असंही म्हणतात. ते जरूर ठेवावं. पण त्यातली माहिती वायफायवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून आपल्या फोनवर येते. बहुतेक अ‍ॅपमध्ये दर पाच मिनिटांना एक आकडा मिळतो. इन्व्हर्टर मिनिटभर बंद पडून परत सुरू झाला, तर त्याचा मागमूसही राहत नाही. इंटरनेट गेलं की अ‍ॅप आंधळं होतं, आणि कंपनीनं ती सेवा उद्या बंद केली तर आपल्याच गच्चीची जुनी माहिती आपल्याला मिळत नाही.

याला घरगुती उपाय आहे. होम असिस्टंट नावाचं एक मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. मूळच्या नेदरलँड्सच्या पॉलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं आणि जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलं. २०२४ पासून ते ओपन होम फाउंडेशन या संस्थेकडे आहे. रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या संगणकावर किंवा घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ते चालतं. घरातले दिवे-पंखे चालवण्यासाठी ते प्रसिद्ध असलं, तरी २०२१ पासून त्यात विजेच्या हिशेबाचं स्वतंत्र पान आहे: किती तयार झाली, किती वापरली, किती बाहेर गेली, तासातासाची नोंद.

इन्व्हर्टरशी ते बोलतं मॉडबसच्या भाषेत. ही पद्धत १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीनं कारखान्यांतल्या यंत्रांसाठी काढली, आणि आजही बहुतेक इन्व्हर्टरना ती समजते. इन्व्हर्टरच्या तळाशी आरएस-४८५ चं पोर्ट असतं. तिथून पीळ दिलेल्या दोन तारा येतात, ए आणि बी. संगणक विचारतो, अमुक क्रमांकाच्या खान्यात काय आहे? इन्व्हर्टर आकडा सांगतो. ए-बी उलट लागल्या तर उत्तर येत नाही, एवढंच. बिघडत काही नाही. मात्र त्या जोडीवर प्रश्न विचारणारा एकच असावा लागतो. कंपनीचं यंत्र आणि आपला संगणक दोघंही त्याच तारेवर विचारू लागले की उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि नोंदीत भोकं पडतात. दर दहा-वीस सेकंदांनी विचारलं तरी पुष्कळ झालं.

आता ही नोंद वाचायची कशी? स्वच्छ उन्हाच्या दिवशी उत्पादनाची रेघ सकाळी हळूहळू चढते, दुपारी माथ्यावर येते आणि संध्याकाळी तशीच उतरते. हा माथा घड्याळातल्या बाराला नसतो. पुण्या-मुंबईकडे तो साडेबाराच्या पुढेमागे आणि नागपुराकडे सव्वाबाराच्या सुमारास येतो. या रेघेत दररोज ठरावीक वेळी खाच पडत असेल, तर ती सावली. पाण्याची टाकी, डिशची छत्री, शेजारचा माड. वेळ रोज बदलत असेल, तर ते ढग. रेघेचा आकार तसाच आहे पण माथा आठवड्या-आठवड्यानं खाली येतोय, आणि एका पावसानं तो पुन्हा वर गेला, तर ती धूळ. मे महिन्यात ऊन कडक असूनही माथा थोडा खालीच असतो, त्याला घाबरू नये. पॅनेल तापलं की दर अंशामागे त्याची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यानं घटते.

सावलीबाबत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. संच मे महिन्यात बसवला तेव्हा टाकीची सावली पॅनेलपासून लांब होती, म्हणून सगळे निर्धास्त असतात. डिसेंबरात पुण्याच्या आकाशात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. पॅनेलच्या दक्षिणेला टाकी असेल, तर तिच्या उंचीइतकी लांब सावली उत्तरेला पॅनेलवर येते. हिवाळ्यात अचानक उगवलेली आणि फेब्रुवारीत आपोआप गेलेली खाच हीच.

पावसाळ्यातला दोष तर नोंद नसेल तर सापडतच नाही. आमच्या गल्लीत एका घरी तक्रार अशी होती की जूनपासून युनिट कमी पडतात. बसवणाऱ्यांचा माणूस यायचा तो अकरा-बाराला. तेव्हा सगळं सुरळीत. तो म्हणायचा, काका, पावसाळा आहे, कमीच पडणार. बोलणं खोटंही नव्हतं. मग आलेख काढून पाहिला. कोरड्या दिवशी इन्व्हर्टर पावणेसातच्या आत जागा होत होता. रात्री पाऊस पडून गेलेल्या दिवशी मात्र साडेदहापर्यंत शून्य, आणि त्यानंतर एकदम पूर्ण उत्पादन. ढगांमुळे असं कधीच होत नाही. रोज सकाळी सुरू होण्याआधी इन्व्हर्टर पॅनेलच्या तारा आणि अर्थिंग यांच्यामधलं इन्सुलेशन तपासतो. ते ठरावीक मर्यादेखाली असेल तर तो जोडणी करत नाही, वाट बघतो. या घरी पॅनेलखालचा एक कनेक्टर पत्र्याच्या पन्हळीत पडून होता. रात्रीचं पाणी तिथे साचायचं, ऊन चढलं की वाळायचं. तंत्रज्ञ येईपर्यंत दोषही वाळलेला असायचा. आलेखाची छापील प्रत हातात दिल्यावर त्यानं नेमका तोच कनेक्टर शोधून बदलला आणि केबल पत्र्यापासून वर बांधली. त्याच्या कामात खोट नव्हती, त्याला फक्त वेळेचा पुरावा हवा होता.

दुसरा मोठा प्रकार भर दुपारचा. ऊन लख्ख, आणि उत्पादन एकदम शून्य. थोड्या वेळानं पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. इन्व्हर्टर ट्रिप मारतो असं लोक म्हणतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे लाइनचं व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेलं, तर इन्व्हर्टरनं दोन सेकंदांत लाइन सोडायची असते, आणि पुरवठा किमान ६० सेकंद मर्यादेत राहिल्यावरच पुन्हा जोडायचं असतं. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज धरावं लागतं. दुपारी माणसं कामावर, डीपीवर भार नाही, आणि गल्लीत पाच-सहा घरांवर सोलर. मग व्होल्टेज चढत जातं.

इथे प्रश्न पडतो, दोष आपल्या घरात की डीपीवर? उत्तर आलेखातच असतं. ट्रिप होण्याच्या क्षणाआधीचं आणि लगेच नंतरचं व्होल्टेज पाहा. इन्व्हर्टर सुटताच ते दहा-बारा व्होल्टनं खाली आलं, तर शंका आपल्या केबलवर, ढिल्या न्यूट्रलवर किंवा खांबापासून येणाऱ्या सर्व्हिस वायरवर घ्यावी. सुटल्यावरही ते अडीचशेच्या आसपास राहिलं, तर डीपीचा टॅप बदलावा लागेल, आणि ते काम महावितरणचं. केबलचा हिशेब सोपा आहे. तीन किलोवॉट म्हणजे साधारण १३ अँपिअर. इन्व्हर्टरपासून मीटर ३० मीटर लांब असेल आणि तांब्याची केबल ४ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटर तारेत साडेतीन व्होल्टची भर पडते. १० चौरस मिलिमीटरची टाकली, तर दीड व्होल्टच्या आत. काही जण यावर सेटिंगमध्ये शिरून व्होल्टेजची मर्यादाच वाढवून देतात. हे होऊ देऊ नका. ट्रिप थांबेल, पण ते वाढीव व्होल्टेज दिवसभर आपल्याच फ्रिजला आणि टीव्हीला सोसावं लागेल.

सॉफ्टवेअरचे आकडेही डोळे झाकून खरे मानायचे नाहीत. संध्याकाळी इन्व्हर्टर झोपताना कधी कधी एकूण युनिटच्या जागी क्षणभर शून्य सांगतो, आणि लगेच खरा आकडा देतो. होम असिस्टंटला वाटतं, मीटर शून्यापासून नव्यानं सुरू झाला. मग त्या एका तासात तुमच्या गच्चीनं हजारो युनिट तयार केल्याचं ते दाखवतं. असं शून्य गाळून टाकण्याची सोय आधीच करून ठेवावी. आकडा अगदीच अशक्य दिसला, तर बहुधा मोठी संख्या दोन खान्यांत विभागलेली असते आणि त्यांचा क्रम उलटा वाचला जात असतो. आणखी एक. तपशीलवार नोंद हे सॉफ्टवेअर मुळात दहाच दिवस ठेवतं, पुढे तासाची सरासरी आणि बेरीज उरते. दोष शोधायचा असेल तर ही मुदत वाढवून घ्या.

फोनवर सूचना येण्यासाठी नियम लिहिताना थोडा विचार लागतो. उत्पादन शून्य झालं की कळवा, असा नियम केला तर रोज सूर्य मावळल्यावर फोन वाजेल. लाइट गेल्यावरही वाजेल, कारण लाइट गेली की साधा सोलर इन्व्हर्टर बंद व्हायलाच हवा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यावर अवलंबून असतो. म्हणून तीन अटी एकत्र घालाव्यात: सूर्य क्षितिजापासून पंधरा-वीस अंश वर आहे, लाइनला व्होल्टेज आहे, आणि तरीही पंधरा मिनिटं उत्पादन शून्य आहे. अशी सूचना आली तर ती खरी. हा छोटा संगणक आणि घरातला राउटर मात्र यूपीएसवर हवेत, नाहीतर नेमक्या गरजेच्या वेळी नोंद तुटेल.

एक कळकळीची सूचना. हे सगळं वाचण्यापुरतं ठेवा. मॉडबसमधून इन्व्हर्टरची सेटिंग बदलताही येतात, त्या वाटेला जाऊ नका. आणि पॅनेलचे कनेक्टर स्वतः कधीही ओढून काढू नका. सहा पॅनेलच्या रांगेत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात, इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर ते तसेच राहतात, आणि चालू प्रवाहात जोड सुटला तर जी ठिणगी पेटते ती सहज विझत नाही. दोष ओळखणं आपलं काम, हात घालणं जाणकाराचं.

तुमच्यापैकी जे सोलर बसवायच्या विचारात आहेत, त्यांनी कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: इन्व्हर्टरला आरएस-४८५ किंवा घरातल्या नेटवर्कवरून मॉडबस जोडणी आहे, तिच्या खान्यांची यादी कंपनी देईल, आणि ती जोडणी वापरली म्हणून वॉरंटी जाणार नाही. पैसे देण्याआधी हे मागितलं तर मिळतं, नंतर मिळत नाही. आणि ज्यांच्या घरी सोलर आधीच आहे, संगणकाचा नाद ज्यांना नको वाटतो, त्यांनी निदान रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे त्या दिवसाचे युनिट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला आजपासून सुरुवात करावी.