पुसलेल्या फिती, उरलेला आवाज

इंदूरच्या एखाद्या गानरसिकाच्या घरी उस्ताद अमीर खाँ यांचा विषय निघाला, की थोड्याच वेळात जुन्या ध्वनिफितींचाही विषय निघतो. खाँसाहेबांच्या हयातीत त्यांच्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच निघाल्या आणि १९७४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. आज त्यांचे जे गायन ऐकावयास मिळते, त्यातील बराच भाग आकाशवाणीच्या संग्रहातून आणि रसिकांनी खासगी मैफलींत करून ठेवलेल्या मुद्रणांतून आलेला आहे. त्या रात्री ज्याने यंत्र सुरू केले, त्याला आपण पुढील पिढ्यांचे धन राखीत आहोत याची कल्पनाही नसेल. श्रोतेहो, असाच प्रकार सातासमुद्रापलीकडे दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानकथेच्या बाबतीत घडला.

त्या मालिकेचे नाव 'डॉक्टर हू'. शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी बी.बी.सी.ने तिचा पहिला भाग दाखविला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती आणि लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखविण्यात आला. पोलीस चौकीच्या निळ्या पेटीत बसून काळाच्या मागेपुढे हिंडणारा एक विक्षिप्त म्हातारा, ही त्यातील मूळ कल्पना. पेटी बाहेरून एका माणसापुरती, आत मात्र प्रशस्त दालन!

ही कल्पना ज्यांच्या हाती पडली, ती माणसे त्या संस्थेत नवखी होती. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाहून आलेले. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट अठ्ठावीस वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौत जन्मलेले चोवीस वर्षांचे तरुण. त्यांच्या मातोश्री अतिया हुसेन इंग्रजी कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध आहेत. पुरुषांनी भरलेल्या कचेरीत एक तरुण स्त्री आणि गोऱ्यांच्या कचेरीत एक हिंदी तरुण, असा हा जोड जमला होता.

त्यांना मिळालेली साधनेही बेताचीच होती. लाइम ग्रोव्ह येथील चित्रीकरणगृह जुने, अरुंद आणि दिव्यांच्या उष्णतेने तापणारे. चित्रफीत कापून जोडणे महागाचे, म्हणून आठवडाभर तालीम करावयाची आणि एका संध्याकाळी संपूर्ण भाग जवळजवळ न थांबता चित्रित करावयाचा. पहिला भाग एकदा करून झाला, पण तो न्यूमन यांच्या पसंतीस उतरला नाही. त्यांनी तो पुन्हा करण्याची संधी दिली, ही मोठीच गोष्ट म्हणावी लागेल.

शीर्षकसंगीताची कहाणीही ऐकण्याजोगी आहे. रॉन ग्रेनर यांनी स्वरलेखन दिले. डेलिया डर्बीशायर या तरुणीने एकेक स्वर निराळा मुद्रित केला, फितीचे तुकडे मोजून कापले आणि ते जोडून ती धून सिद्ध केली. काळयंत्राचा घरघराट ब्रायन हॉजसन यांनी निर्माण केला, तो जुन्या पियानोच्या तारेवर किल्ली घासून! डर्बीशायर यांचे नाव मात्र मालिकेच्या श्रेयनामावलीत आले ते २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

एवढ्या कष्टाने उभ्या केलेल्या या मालिकेचे अनेक भाग पुढे बी.बी.सी.नेच पुसून टाकले. हे वाचून कोणालाही राग येईल. परंतु त्या काळी चित्रफीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुनःपुन्हा दाखविता येत नसत. रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना कोण विचारणार, असाही हिशेब होता. परदेशी विक्रीसाठी चित्रपटाच्या पट्टीवर काढलेल्या प्रतीही मुदत संपताच नष्ट होऊ लागल्या. कोणाच्या मनात दुष्टावा नव्हता. हिशेब बरोबर होता, आणि तरीही ठेवा गेला.

वारिस हुसेन यांनी १९६४ साली सात भागांची 'मार्को पोलो' ही कथा केली. त्यातील एक भाग वगळता सारे दिग्दर्शन त्यांचे. मार्को पोलोबरोबर कुब्लाईखानाच्या दरबारापर्यंतचा हा प्रवास. आज त्याचा एकही भाग हाती लागलेला नाही. मात्र आवाज सगळा उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या दूरचित्रवाणीसंचापाशी ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपून घेतला होता. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार पडद्यावरील दृश्यांची छायाचित्रे काढून विकीत. हुसेन यांनी आपल्या सहा भागांची अशी छायाचित्रे विकत घेऊन जपली होती, ती पुढे उजेडात आली. आवाज आणि स्थिरचित्रे यांच्या आधारे हरवलेली कथा आता निदान अनुभवता तरी येते. २०१३ साली नायजेरियात मालिकेचे नऊ भाग मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हापासून शोध घेणाऱ्यांची आशा अधिकच बळावली आहे.

आपल्याकडे १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही अंतराळकथा आली. मिलिंद सोमण त्यात नायक होते. ती पाहणारी मुले आज चाळिशीकडे झुकली आहेत. त्यांच्या आठवणीतील दृश्ये उद्या कोणाच्या कपाटात सापडतील, हा प्रश्न अगदीच दूरचा नाही.

सरकारी भांडारे असावीत, ती नीट चालावीत, यात वाद नाही. पण भांडाराचा अधिकारी आजच्या उपयोगाकडे पाहून निर्णय घेतो, तर आवड असलेला माणूस उपयोगाचा विचारच करीत नाही. लंडनच्या त्या घरगुती ध्वनिमुद्रकाने आणि इंदूरच्या मैफलीतील यंत्राने एकच काम केले. तेव्हा माळ्यावरची जुनी फीत रद्दीत देण्यापूर्वी तिच्यावरील चिठ्ठी एकदा वाचून पाहावी. चिठ्ठी नसेल, तर ती ऐकूनच पाहावी.