फुगडीचा तोल



माऊलीहो, आज नाचण्याबद्दल बोलू. नाचायचं म्हटलं की आपल्यातले निम्मे भिंतीला टेकतात. "महाराज, टाळ्या वाजवतो, पण नाचायला सांगू नका. लोक काय म्हणतील?" अहो, नामदेवराय कीर्तनात नाचले! ज्ञान आणि नाच ही दोन त्यांनी वेगळी मानलीच नाहीत. मग आपल्याला कसली लाज?

आधी पावली बघा. टाळकरी समोरासमोर ओळीत उभे, मध्ये मृदंग आणि विणेकरी. पाऊल पुढे, पाऊल मागे, मग वाकणं, मग गिरकी. सुरुवात संथ, पुढे लय चढत जाते. शेजाऱ्याच्या पायाशी पाय जुळला नाही, तर सगळी ओळ विस्कटते. म्हणून तिथे साहेब आणि शिपाई एकाच मापाचं पाऊल टाकतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. इतकं चालणारा माणूस वर नाचतो कसा? नामाचं बळ तर आहेच. शरीराचंही ऐका. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. नुसतं ताटकळलं की ते खाली साचतं. माझगावच्या गोदीत दिवसभर उभ्याने काम केलेल्यांना हे मी काय सांगावं?

आता फुगडी. चवडे जुळवायचे, हातांची कैची घालायची आणि मागे झुकायचं. एकट्याने इतकं झुकून बघा, पाठीवर पडाल! फुगडीत का पडत नाही? तुमचा भार समोरच्याने धरलेला असतो आणि त्याचा तुम्ही. वेग वाढला की बाहेरची ओढ वाढते, पकड घट्ट करावी लागते. एकाने हात सोडला की दोघंही पडतात. अहंकार ताठ उभा राहतो, बरं का, त्याला फुगडी येत नाही.

आणि फुगडी थांबली तरी जग फिरतच राहतं. कानाच्या आत बारीक वळणदार नळ्या आहेत, त्यांतला द्रव काही क्षण हलत राहतो. जग जागेवरच असतं, भोवंडलेले आपण असतो. अशा वेळी लगेच हात सोडायचा नाही. समोरच्याचा तोल येईपर्यंत धरून ठेवायचा.

संसारात आपण उलटं करतो. घरधनी गेला, बाईचं जग गरगरतं, आणि नेमका तेव्हाच आपण तिचा हात सोडतो. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. चांगलं झालं. पण माऊली, वारीतल्या फुगडीत कुंकू बघून हात धरतात का? तिथे नुसता हात बघतात!

आषाढीला डॉकयार्ड रोडला गाडी धरून तुम्ही वडाळ्याच्या विठोबाला जाल. तिथे फुगडीचा फेर धरलात, तर आधी कडेला कोण उभं आहे ते बघा. बायांनो, तिला हाताला धरून आत आणा. गुडघे दुखत असतील तर टाळी धरू द्या, पण बाहेर ठेवू नका. खेळ संपला की तिच्या पाया पडा. ज्याने आपला तोल धरला, तोच आपला पांडुरंग.

बोला, पुंडलीक वरदे हारि विठ्ठल!